चनबसप्पाची बरणी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या विठ्ठलमंदिरात कोंडीबाचा आवाज लागला की मृदंगवाल्याची मान आपोआप डोलू लागायची. रावजीबुवांनी कीर्तनात चरण टाकावा आणि मागच्या टाळकऱ्यांच्या ओळीतून कोंडीबानं तो असा उचलावा, की खांबाला टेकून पेंगणारी म्हातारी माणसंसुद्धा डोळे उघडून सावरून बसत. बायकांच्या बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोला, रंभाबाईला, अशा वेळी दोन गोष्टी एकदमच वाटायच्या. पहिली ही, की हा आवाज आपल्या घरचा आहे. दुसरी ही, की आरती झाली रे झाली, की हा आवाज देवळामागच्या गल्लीत पळणार, कमरेची तंबाखूची चंची सोडणार, आणि मग घर येईपर्यंत एक शब्द म्हणून बोलणार नाही. बोलणार कसा? तोंड भरलेलं.

कोंडीबा माळशिरसकडच्या गावातून गिरणीत आला, तेव्हा सुपारीचं खांडही खात नव्हता. पण साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम असं, की धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून काढायचं. टोकाबरोबर कापसाची तुसं घशात. दिवसभर खोकून खोकून जीव हैराण. शेजारच्या साच्यावरच्या जुन्या माणसाला त्याची दया आली.

"दाढंखाली चिमूटभर धर की," तो म्हणाला. "तूस घशात उतरत न्हाय."

पहिल्या चिमटीला कोंडीबाच्या डोळ्यांसमोर साचा, कापड आणि तो जुना माणूस, तिघंही गरगर फिरली. आठवड्याभरानं भोवळ थांबली. महिन्याभरानं मजा वाटू लागली. वर्षभरानं मजाही गेली आणि उरली नुसती गरज. सकाळी चिमूट धरल्याशिवाय परसाकडं होईना. जेवण झालं की चिमूट, चहा झाला की चिमूट, भोंगा झाला की चिमूट, कुणाशी भांडण झालं की चिमूट, आणि भांडण मिटलं की त्या आनंदात आणखी एक. तुसं पूर्वीइतकीच घशात जात होती. पण ते आता विचारतो कोण?

रंभाबाईची मिश्री ही मात्र वेगळी गोष्ट होती. निदान रंभाबाईचं तसं मत होतं. पहिल्या बाळंतपणात तिची दाढ ठणकली, सासूनं तव्यावर तंबाखू भाजून, चुरून बोटावर दिली, आणि ठणका थांबला. पुढं ती दाढ पडूनही गेली. मिश्री राहिली. उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी ओट्यावर टेकल्यावर, दिवेलागणीला. कुणी विचारलंच तर, "दातासाठी लावते." जी दाढ तोंडात नव्हती, तिच्यासाठीसुद्धा ती लावत होती.

मिश्री भाजायचा दिवस सगळ्या आळीला कळायचा. तव्यावर तंबाखू पडली, धूर निघाला, की भिंतीपलीकडं नागम्माचा हातमाग थांबायचा, शिंकांची माळ लागायची, आणि मग तेलुगूतून काहीतरी मोठ्यानं ऐकू यायचं. त्याचा अर्थ रंभाबाईनं कधी विचारला नाही.

आता वीणेचं सांगायला हवं.

कोंडीबाचे वडील गावचे वीणेकरी. हरिनामाच्या सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं उभं राहायचं, मुखानं नाम घ्यायचं, आणि ते मुख स्वच्छ असायला हवं. म्हाताऱ्यानं ही सेवा जन्मभर केली. शेवटच्या आजारपणात तो सोलापुरात लेकाकडं आला, आणि लेकाच्या कमरेची चंची त्याच्या नजरेला पडली. तो रागावला नाही. एका संध्याकाळी सुनेचा हात धरून देवळात गेला आणि वीणा रावजीबुवांच्या हातात दिली.

"पोराची तंबाखू सुटली की त्याच्या गळ्यात घाला," म्हणाला. "तवर देवापाशी ऱ्हाऊ द्या."

आणि त्याच महिन्यात गेला.

तेव्हापासून वीणा सभामंडपातल्या खुंटीवर होती. कोंडीबा देवळात आला की चारी भिंतींकडं बघायचा, ती एक सोडून. सप्ताहात ती परक्या गळ्यांत फिरायची आणि रंभाबाईला वाटायचं, आपल्या घरचा सदरा अंगात घालून लोक आपल्याच समोरून हिंडताहेत. मामंजींचा हात तिनं धरला होता. त्या हातातला कंप तिच्या हातात अजून होता.

संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा पांगली, आणि एका एकादशीला कीर्तन झाल्यावर रावजीबुवांनी कोंडीबाला थांबवून घेतलं.

"कोंडीबा, माझे गुडघे आता टाळाच्या आधी वाजतात," बुवा म्हणाले. "चैत्रातला सप्ताह माझ्या हातून होईल. पुढच्याचं मी देवाला विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तुझ्या बापानं शब्द माझ्यापाशी ठेवलाय. काल्याच्या दिवशीचा सकाळचा पहारा मी रिकामा ठेवतो. बघ बाबा काय ते."

कोंडीबानं तिथल्या तिथं कमरेची चंची काढली आणि देवळाच्या पत्र्यावर भिरकावली. "सुटली," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत त्यानं ही बातमी साच्यासाच्याला सांगितली. संध्याकाळी तो घरी आला तो असा, की जणू कुणी त्याला उन्हात वाळत घालून विसरलं होतं. आमटीत मीठ नाही म्हणून ओरडला. रंभाबाईनं मीठ घातल्यावर मीठ जास्त झालं म्हणून ओरडला. तिसऱ्या दिवशी साच्यावर धागा तुटला, तर तो धाग्याला शिव्या देत बसला. झोपेना, बसवेना, डोकं घणाघणा वाजायला लागलं. कुणी ओवा सांगितला, त्यानं ओवा चघळला. गिरणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं लिमलेटच्या गोळ्या दिल्या, त्या एका बैठकीत संपवल्या. मग देवळाच्या पत्र्याखाली जाऊन उगाच वर बघत उभा राहिला.

रंभाबाई उंबऱ्यावर बसून हे बघत होती. बोट दातांवरून फिरत होतं.

"एवढी एवढीशी पानं," ती म्हणाली, "आन एवढा मोठा गडी. काय म्हणावं बाई."

"तुजं बोट आदी तोंडातनं भाईर काढ," कोंडीबा म्हणाला, "मग मला शिकीव."

"ही मिश्री हाय. दातासाठी."

"दातासाठी दिसातनं चारदा? दात हायेत का साचं? सारखं तेलपाणी लागतंय ते."

"तुमी तुमचं बगा."

चार दिवसांनी कोंडीबा एकाएकी गोड झाला. आमटी छान झाली म्हणाला. पाण्याचा हंडा स्वतः उचलून आणला. नागम्माच्या मागाची खटखट ऐकून, "कशी तालात विणती बघ," असं म्हणाला. रंभाबाई लग्न होऊन आल्यापासून या माणसाला ओळखत होती. तिनं हंडा घेताना त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि तिला सगळं कळलं.

तिनं पदर खोचला आणि सरळ चनबसप्पाच्या दुकानी गेली.

चनबसप्पा अक्कलकोटकडचा लिंगायत, तंबाखूचा दुकानदार. स्वतः तंबाखूला शिवत नसे. पण कीर्तनाचा भारी नाद. देवळात दाराशी, चपलांच्या शेजारी बसायचा आणि बुवांच्या प्रत्येक विनोदाला सगळ्यांच्या नंतर हसायचा, कारण तो आधी मनात कानडी करून बघायचा.

"आमचं मालक मागच्या दारानं येतात की न्हाय तुमच्याकडं?" रंभाबाईनं विचारलं.

चनबसप्पानं तागडी पुसली. "गिऱ्हाईक पुढून येतो, मागून येतो. मी दार बघत नाही आक्का."

"गिरणीत समद्यांना सुटली सुटली म्हणून सांगितलंय त्यांनी. आता तितं मागायला तोंड न्हाय, म्हणून तुमच्याकडं येतात. दुसऱ्या कुणाकडं जाणार न्हाईत. लाज वाटती."

"मग मी नको म्हणू?"

"नको म्हणाल, तर लाज सोडून दुसरीकडं जातील. एकदम सोडून बगितली की. जीव जायची येळ आली." ती पुढं झुकली. "कमी कमी करत न्या. त्यांना कळू न देता. तंबाखूत काय तरी मिसळा."

चनबसप्पाचा हात कपाळाला गेला, जिथं भस्माची बोटं होती. "अय्यो. भेसळ? बापानं दुकान दिलं तेव्हा मला एकच सांगितलं होतं, मालात माती घालू नको."

"माती कोण घाल म्हणतंय? कडबा घाला."

चनबसप्पानं मनात त्याचं कानडी केलं. मग त्याचं पोट हळूहळू हलायला लागलं.

ज्वारीच्या कडब्याची वाळली पानं बारीक चुरायची, गुळाच्या पाण्यात भिजवून रंग आणायचा, सावलीत सुकवायची, आणि कोंडीबासाठी वेगळ्या काढलेल्या तंबाखूच्या बरणीत मुरवत ठेवायची, म्हणजे वास लागेल. पहिल्यांदा चिमूटभर, मग मूठभर, मग निम्मं, असं करत करत जायचं. चुना तर चुनाच राहणार, तेव्हा जीभ चुरचुरायची ती चुरचुरेलच. हे सगळं दोघांनी तिथं उभ्याउभ्या ठरवलं.

"पाप माझ्या डोक्यावर," रंभाबाई म्हणाली.

"नको. अर्धा अर्धा घेऊ," चनबसप्पा म्हणाला. "तुमचा मिश्रीचा तंबाखू पण संपला असेल. बांधून देऊ?"

"द्या की," रंभाबाई म्हणाली.

माघ गेला, शिमगा आला. कोंडीबाची नवी चंची धोतराच्या निरीत लपलेली असे. चिमूट तो धरायचा, पण पूर्वीसारखा रागवायचा नाही, तडफडायचा नाही. झोप लागायला लागली. सकाळी चिमटीआधीच परसाकडं जाऊन यायचा आणि ते त्याच्या लक्षातही यायचं नाही. एकदा तर नादात निम्मा दिवस चंची घरी विसरला. आवाजाचा खरखरीतपणा गेला. एकादशीला त्यानं असा चढा सूर लावला, की बुवा मागं वळून बघायला लागले.

रंभाबाईला हे बघून हसू आवरायचं नाही. गोठ्यातला बैल दावणीला जे खातो, तेच आपला नवरा देवळामागं लपून, इकडंतिकडं बघत, चोरून खातो. जेवताना तो नुसता "काय गं, हसतीस काय?" म्हणाला, तरी तिला ठसका लागायचा.

तिचं स्वतःचं मात्र त्या दिवसांत काही खरं नव्हतं. डोकं धरायचं. बारीकसारीक गोष्टीवरून पोरांवर खेकसायची. मिश्रीला चव राहिली नव्हती. दिवसातनं चारदाची सहादा लावली तरी लावल्यासारखं वाटेना. उन्हाळा चढलाय, ती मनाला सांगायची. तंबाखूचा यंदा हंगामच वाईट असंल. एकदा तव्यावर मिश्री भाजायला टाकली, धूर निघाला, आणि भिंतीपलीकडं नागम्माचा माग तसाच खटखटत राहिला. शिंक नाही, तेलुगू नाही, काही नाही.

"नागम्मा," रंभाबाईनं भिंतीवरून हाक मारली, "नाक चोंदलंय व्हय गं?"

"नाही की. का?"

"काय न्हाय. उगीच."

पंधरा-वीस दिवसांनी डोकेदुखी आपोआप गेली, आणि रंभाबाई ती विसरली. डोळ्यांसमोर सप्ताह होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रावजीबुवा स्वतः घरी आले. ओट्यावर बसले, पाणी घेतलं, आणि कोंडीबाकडं बघून विचारलं, "सुटली का?"

कोंडीबा खाली बघत म्हणाला, "सुटली, बुवा."

दाराआड उभ्या रंभाबाईनं ते ऐकलं. समोर नवरा देवमाणसाशी खोटं बोलत होता. आणि तो जे बोलत होता ते खरं होतं. शिमग्यापासून चनबसप्पाच्या त्या बरणीत तंबाखूचा कण नव्हता, त्यानं तिला तसं सांगितलं होतं. हे पाप म्हणायचं का पुण्य, याचा निवाडा तिला होईना. एकदा वाटलं, पुढं व्हावं आणि सांगून टाकावं. पण आत्ता सांगितलं आणि हा चिडून दुसऱ्या दुकानी गेला, तर? सप्ताह आठ दिवसांवर होता. ती दाराआडच राहिली.

सप्ताह बसला. मांडव पडला, कनाती लागल्या, गॅसबत्त्या टांगल्या. खुंटीवरची वीणा उतरली आणि गळ्यागळ्यातून फिरू लागली. देवळात पाऊल टाकलं की तिची तार कानी यायची, तीच एक तार, कुणीही छेडली तरी तीच. ज्यानं सप्ताह ऐकलाय त्याला ठाऊक आहे, सहाव्या दिवसापर्यंत ती तार माणसाच्या अंगातच वाजायला लागते.

काल्याच्या दिवशी कोंडीबा पहाटे न्हायला. पांढरं धोतर, नवा पटका, कपाळी बुक्का. रंभाबाई बायकांच्या पुढच्या ओळीत बसली. आधीचा वीणेकरी कोंडीबाच्या पाया पडला, कोंडीबा त्याच्या पाया पडला, आणि बापाची वीणा लेकाच्या गळ्यात आली.

त्यानं तार छेडली आणि "राम कृष्ण हरी" म्हटलं. टाळकऱ्यांनी उचललं. मृदंगवाल्याची मान डोलायला लागली. रंभाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्यातनंच तिला दिसलं, नवऱ्याचा डावा गाल किंचित फुगलेला आहे.

धीर सुटून त्यानं देवळात येण्याआधी चिमूट धरली होती. मनात म्हणाला असेल, एवढ्या लोकांपुढं उभं राहायचं, हातपाय कापतील, एवढी एक.

कडबाच की, रंभाबाई स्वतःला म्हणाली. नुसता कडबा. पण तिला ते ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

तो गात होता, आणि दर खेपेला आवाज थोडा थोडा आत जात होता. मृदंगवाल्याची मान डोलायची थांबली. कोंडीबाची नजर रिकाम्या खुंटीवर गेली, तिथून बुवांवर, तिथून जमिनीवर. मग तो थांबला.

"टाळ चालू ठिवा," तो म्हणाला. "नाम तुटू देऊ नका. पर मला बोलू द्या."

टाळ हळू झाले.

"बुवा, मी तुमच्याशी खोटं बोललो. तंबाखू सुटली न्हाय. आत्ता बी दाढंखाली हाय. बापाची वीणा माझ्या गळ्यात शोभत न्हाय. काढून घ्या कुनीतरी."

कुणी पुढं येईना. रंभाबाई पदर सावरून उठायला लागली. आणि तेवढ्यात दाराशी, चपलांच्या शेजारून, चनबसप्पा उभा राहिला.

"बुवा, माल माझ्या दुकानचा आहे," तो म्हणाला. "मी साक्ष देतो. कोंडीबाच्या तोंडात तंबाखू नाही."

"मग काय आहे?" बुवांनी विचारलं.

"कडबा."

टाळ पार थांबले असते, पण एका म्हाताऱ्यानं भान ठेवून ते चालू ठेवले.

"ज्वारीचा," चनबसप्पानं खुलासा केला. "शिमग्यापासून चोख कडबा. त्याच्या आधी मिसळ."

पहिला हसला तो मृदंगवाला. मग टाळकऱ्यांची ओळ हसली. गिरणीतला एक जण म्हणाला, "तरीच. मला वाटायचं हा साच्यावर हुभा ऱ्हाऊन रवंथ करतोय." बुवा हसता हसता खाली बसले. कोंडीबा वीणा धरून उभा होता आणि त्याची नजर बायकांच्या पुढच्या ओळीत एका जागी जाऊन थांबली होती. रंभाबाईनं पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढून घेतला.

बुवांनी डोळे पुसले.

"कोंडीबा, तंबाखू सुटून महिना झाला आणि तुला पत्ता नाही. म्हणजे अंगाला ती नको होती, नुसत्या हाताला सवय होती. ती जाईल हळूहळू, तिची घाई नको. राहिलं खोटं. ते तू गळ्यात वीणा असताना, कुणी न विचारता, सगळ्यांसमोर टाकलंस. तुझ्या बापाला याहून जास्त काय पाहिजे होतं, मला माहीत नाही. वीणा तुझ्याच गळ्यात राहील. पण तोंड धुतल्याशिवाय नाम नाही."

इथं पंचाईत आली. वीणा खाली ठेवायची नाही. वीणा गळ्यात घेऊन मांडवाबाहेर जायचं नाही. दुसऱ्याच्या गळ्यात द्यावी, तर ते कोंडीबालाही नको होतं आणि आता बाकीच्यांनाही नको होतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

रंभाबाई उठली. प्रसादाच्या ढिगातला एक द्रोण घेतला, तांब्या घेतला आणि भर मांडवात नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. द्रोण त्याच्या हनुवटीखाली धरला.

कोंडीबानं दाढेखालचा कडबा द्रोणात टाकला, चूळ भरली, आणि ओठ न हलवता म्हणाला, "घरी चल. मग बगतो तुज्याकडं."

"आदी राम कृष्ण हरी म्हणा," ती म्हणाली.

त्यानं म्हटलं. तो आवाज मांडवाच्या कनातींना लागला आणि परत आला. टाळ उसळले.

रंभाबाई द्रोण घेऊन बाहेर आली. देवळाच्या पायरीवर चनबसप्पा बसला होता. इतका वेळ उभं राहून त्याला घाम आला होता.

"आक्का," तो म्हणाला, "आज खरं बोलायचा दिवस आहे, तर एक सांगायचं राहिलं."

"आता आनि काय?"

"तुमचा मिश्रीचा तंबाखू. तो पण त्याच बरणीतला."

रंभाबाईला पहिल्यांदा कळलंच नाही.

"दोन बरण्या कोण सांभाळणार?" चनबसप्पा म्हणाला. "माल एकाच घरात जाणार. घर एक, बरणी एक. तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर आलं, तेव्हा म्हटलं, आता आलंच आहे लक्षात तर राहू दे."

ती पायरीवर बसली. डोकं धरायचं ते आठवलं. पोरांवरचं खेकसणं आठवलं. नवऱ्याला म्हटलेलं आठवलं, एवढीशी पानं आन एवढा मोठा गडी. आणि नागम्माचा माग, धूर जात असताना तसाच खटखटत राहिलेला.

"म्हंजे मी इतके दिवस कडब्याची राख..." ती म्हणाली. "आन माज्या दाताचं काय?"

"कुठल्या दाताचं?" चनबसप्पानं विचारलं.

तिनं कमरेची मिश्रीची डबी काढली, उघडली, हुंगली. शेकोटीचा वास होता. इतके दिवस शेकोटीचाच वास होता, आणि तिनं उन्हाळ्याला बोल लावला होता. तिनं डबी द्रोणातल्या कडब्यावर पालथी केली.

मांडवाच्या कडेला कुणाची तरी गाय बांधलेली होती, काल्याचा गोग्रास द्यायला आणलेली. रंभाबाईनं द्रोण तिच्यापुढं धरला. गाईनं हुंगलं. दोनदा हुंगलं. मग जोरानं फुरफुरली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"बगा," रंभाबाई म्हणाली. "जनावराला पण नको."

चनबसप्पानं त्याचं कानडी केलं आणि नेहमीसारखा उशिरा हसला.

ती आत येऊन आपल्या जागी बसली. कोंडीबा डोळे मिटून उभा होता, वीणा छातीशी, आणि मांडवभर नाम चढत होतं. बसल्या बसल्या तिचं बोट आपलं आपणच दातांकडं निघालं. तिनं त्या बोटाकडं पाहिलं. ते असंच निघणार होतं, उद्याही, परवाही, आणि नवऱ्याचा हातही असाच कमरेकडं जाणार होता. घरी गेल्यावर त्याच्या चंचीत आणि आपल्या डबीत बडीशेप भरून ठेवायची, असं तिनं ठरवलं. पण आत्ता टाळकऱ्यांनी लय वाढवली होती, सगळा मांडव टाळ्या वाजवत होता, आणि टाळीला दोन्ही हात लागतात. तेवढ्यापुरतं तरी बोट अडकलं.